झाकलेला कंदील

त्या रात्री माझ्या कंदिलावर गोणपाट मीच टाकलं होतं. कोळंबीची जागा दुसऱ्याला कळू नये म्हणून आमच्या खाडीत ही जुनीच खोड आहे. शेजारच्या तात्यांची होडी अंधारात माझ्या होडीवर आदळली. त्यांची दोन बोटं मध्ये चिरडली, त्यांचा पेटता कंदील पाण्यात गेला. धक्क्यावर मी सांगितलं, "यांचा दिवाच नव्हता."

काल अंधार पडताना धक्क्यावर बसलो होतो. पलीकडच्या गावाचे दिवे पाण्यात उतरले होते. त्यांतला एकेक विझू लागला, आणि मागून एकेक पुन्हा उजळू लागला. वल्ह्याचा आवाजही नव्हता. बिनदिव्याची होडी चालली होती. तिने झाकलेल्या उजेडामुळेच ती कळत होती. लपलेल्या माणसाला वाटतं, आपण सुखरूप आहोत. समोरून येणाऱ्याला तो खडकासारखा असतो. त्या होडीत मीच बसलोय असं वाटलं.

तसाच तात्यांकडे गेलो. ते उरलेल्या बोटांनी जाळं शिवत होते.

"तात्या, त्या रात्री दिवा मी झाकला होता."

"ठाऊक आहे रे. गोणपाट करपल्याचा वास आला होता. बोटं गेली, नाक शाबूत आहे."

मी त्यांचा तो हात धरला. "चुकलं माझं, तात्या. तुमचा दिवा होता. उद्या धक्क्यावर सगळ्यांसमोर सांगतो."