गिरिजाची पाचवी

सटवाई पाचव्या दिवशी येते आणि बाळाच्या कपाळावर नशीब लिहून जाते, असं आमच्याकडे मानतात. त्या दिवशी पाटा-वरवंटा मांडून पूजा करायची, पुढे कोरा कागद आणि लेखणी ठेवायची. माझ्या तिन्ही बाळंतपणांत सासूबाईंनी हे केलं. पण लेकीची मुलगी सातव्या महिन्यातच जन्मली आणि दुबईच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत नळ्या लावून ठेवली, तेव्हा पहिल्यांदाच मला शंका आली. इतक्या लांब, इतक्या उंच इमारतीत सटवाईला वाट सापडेल का? आणि सापडली तरी ती चांगलं लिहील का?

माझं तिकीट दोन महिन्यांनंतरचं होतं. ते बदलून मी तिसऱ्या दिवशी पोचले. बाळाचा पाय माझ्या अंगठ्याएवढा होता. त्याला बांधलेल्या पट्टीवर नुसतं ‘वैशालीचं बाळ’ असं इंग्रजीत लिहिलं होतं, जावयांनी वाचून सांगितलं. वैशाली म्हणाली, "आई, मी हिला नावानं हाक मारू? डॉक्टर म्हणतात, आवाज ऐकू येतो तिला." मी तिला गप्प केलं. बारशाआधी नाव घ्यायचं नाही, दृष्ट लागते, म्हणाले. तिनं मान वळवली.

पाचव्या दिवशी मी जावयांना पाटा मागितला. रात्रभर जागून त्यांचे डोळे लाल झाले होते, तरी हसले. "अहो आई, डिस्कव्हरी गार्डन्सच्या फ्लॅटमध्ये पाटा? आमच्याकडे मिक्सर आहे, त्याचीच पूजा करा." मग ऑफिसचा फोन आला आणि ते बाहेर गेले.

मी चौथी शिकलेली. अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते. पण दवाखाना ऊद मेथा भागात होता आणि तिथून मेट्रोनं दोनच स्टेशनं गेलं की जुनी दुबई येते, खाडीकाठी पूजेच्या सामानाची गल्ली आहे, हे जावयांनी मागे सांगितलं होतं. पिशवीत हळद-कुंकू, कागद आणि पेन घेतलं. स्टेशनं बोटांवर मोजली आणि उतरले. आयुष्यात पहिल्यांदा परक्या शहरात एकटी.

गल्लीत हार, नारळ, उदबत्त्या सगळं होतं. पाटा नव्हता. दुकानदार म्हणाला, "मौसी, सिल-बट्टा? वो तो अब पुराने मोहल्ले के म्युझियम में मिलेगा!" शेजारचा खो खो हसला. ती थट्टा होती, हे मला आज कळतं. तेव्हा मी तो पत्ताच समजले आणि मोहल्ला कुठं म्हणून विचारलं. त्यानं हसू आवरत हात दाखवला.

तो जुना मोहल्ला मातीच्या रंगाचा. समुद्रातल्या दगडांच्या जाड भिंती, वर वारा खाली आणणारे चौकोनी मनोरे, दोन माणसं जेमतेम जातील अशा गल्ल्या. दुपारी ऊन असं की तिथं चिटपाखरू नव्हतं. मी आत शिरले आणि चुकले. प्रत्येक वळण आधीच्यासारखंच. भिंत धरत चालायला लागले. इथंच पडले तर तिकडे लेकीला कोण, असं वाटून रडू आलं. देवीला म्हटलं, मला पाटा नको, मला परत ने.

एक दार उघडं होतं. आत अंगण, एक झाड आणि झाडाखाली दगडी जातं. पाटा नव्हे, पण दळणाचा दगडच. मी काही विचार केला नाही. बसले, हळदीची दोन बोटं लावली, पुढे कोरा कागद आणि पेन ठेवलं. हात जोडले आणि मागून बांगड्या वाजल्या.

काळ्या बुरख्यातली एक म्हातारी उभी होती, चेहऱ्यावर तिथल्या म्हाताऱ्या बायका घालतात तसा सोनेरी झाक असलेला मुखवटा. परक्या धर्माच्या घरात मी काय करून बसले! पदरानं हळद पुसायला लागले, तशी तिनं माझा हात धरला. हिंदी तिला चांगली येत होती. "डरो मत. किस के लिए?"

मी तुटक्या हिंदीत सगळं सांगितलं. ती माझ्याशेजारी खाली बसली. "मेरे छह हुए," जात्यावर हात ठेवून म्हणाली, "दो रहे." मग म्हणाली, "तुम अपना करो, मैं दुआ करती हूँ. बच्ची का नाम?"

"नाम नहीं है. बारह दिन बाद."

"बारह दिन किसने देखे?" ती रागावल्यासारखी म्हणाली. "नाम दो."

माझ्या तोंडून माझ्या आईचं नाव निघून गेलं. गिरिजा. तिनं हात पसरले आणि अरबीत पुटपुटताना ते नाव दोनदा घेतलं. मग मला पाणी पाजलं, स्टेशनाच्या दारापर्यंत आणून सोडलं आणि म्हणाली, "यल्ला, चलो, गिरिजा के पास जाओ." नियम मोडला होता, दृष्ट लागेल अशी भीती होती. मी घरी कुणालाच सांगितलं नाही.

नवव्या दिवशी सकाळी बाळ गेलं.

मातीसाठी कागदपत्रं करताना खिडकीपलीकडच्या माणसानं विचारलं, "बच्ची का नाम?" वैशालीनं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत काय होतं, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. मी म्हणाले, "गिरिजा. पाचवीलाच ठेवलंय." आणि तिथंच उभ्या उभ्या तिला म्हातारीचं सांगितलं. वैशालीनं ते नाव उच्चारलं, एकदा, मग पुन्हा पुन्हा. तोवर ती रडली नव्हती.

मी आयुष्य मागायला गेले होते. ते लिहिलेलं नव्हतं, आणि का नव्हतं हे विचारायची आता माझी इच्छा नाही. पण माझ्या हट्टापायी ती बिननावाची गेली असती. देवीनं परक्या अंगणात, परक्या बाईकरवी तेवढं चुकू दिलं नाही.

तो कागद मी जपून आणला. कोराच आहे. त्याला हळदीचं एक बोट लागलंय, तेवढंच.