हौदात नसलेलं घड्याळ

तन्मय, इरा,

परवापर्यंत ही गोष्ट मी कुणालाही सांगितलेली नव्हती. तुमच्या आजोबांना नाही, माझ्या सख्ख्या भावाला नाही, देवासमोरसुद्धा नाही — देवाला माहीतच असेल असं धरून चालले होते, म्हणजे तिथेही पळवाटच. परवा पहिल्यांदा बोलले. कुणाशी, ते पुढे येईलच. आज तुम्हाला लिहिते आहे.

इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला वाचायला सोपं गेलं असतं. मलाही लिहायला सोपं गेलं असतं — आणि तेच नको आहे. आयुष्यभर इंग्रजी शिकवलं मी. त्या भाषेत मला कुठलीही गोष्ट सभ्य करून सांगता येते. ही गोष्ट सभ्य नाही. इरा, तुला अडेल तिथे दादाला विचार.

तुझ्या घड्याळापासून सुरुवात करते, तन्मय. त्या रविवारच्या कॉलवर तू मोबाइलमधला फोटो कॅमेऱ्यासमोर धरलास. गडद निळी तबकडी, भोवती दातेरी कड, ती फिरते म्हणालास. पाणबुडे वापरतात तसलं. दोन उन्हाळे पोहण्याच्या तलावावर जीवरक्षकाचं काम करून तू पैसे साठवलेस, कॉलेजला जाण्याआधी हे एकच घ्यायचं आहे म्हणालास. "आजी, दोनशे मीटर खोल पाण्यात चालतं!" मी म्हटलं, "आमच्या धुळ्यात नळाला पाणी आठवड्याने येतं रे बाबा. दोनशे मीटर पाणी आम्ही फोटोतच बघतो." सगळे हसले. मीही हसले. पण ती दातेरी कड पाहून मी चष्मा काढून ठेवला, ते कॉलवर कुणाच्या लक्षात आलं नसेल.

तुझी आई नको म्हणत होती. तुझे बाबा म्हणाले, आजी ठरवेल. आणि मी ठरवलं — माझ्या पद्धतीने, एकेक मुद्दा बोटावर मोजत. वसतिगृहात वस्तू चोरीला जातात. महागड्या वस्तूमुळे मित्र निवडताना गफलत होते. आधी शिक, मग मिरव. तू म्हणालास, मला मिरवायचं नाही आजी, मी रोज पाण्यात असतो. खरं होतं तुझं. तेवढ्यात तुझी आई बोलली: "आई, तूच सांग ना याला. याच वयात मी अरुणमामाचं घड्याळ हौदात घालवलं होतं. शेवटी माझाच मुलगा आहे हा. हरवणारच."

आणि मी — मान डोलावली.

बस, एवढंच केलं. तू "ओके आजी" म्हणून कॅमेऱ्यासमोरून उठलास. मला मात्र तेव्हापासून माझाच इतका संताप येतो आहे की कपाट आवरताना हातातली वस्तू कुठे ठेवायची ते कळत नाही. मी! जिचं सगळं जागच्या जागी असतं, ती मी.

हे जागच्या जागी प्रकरण आधी सांगायला हवं. धुळ्यात, देवपूरमध्ये आमच्या गल्लीत मी त्यासाठीच ओळखली जायचे. कुणाला सुई हवी, जुनं वर्तमानपत्र हवं, तापावरची गोळी हवी — सुमनताईंकडे जा. शाळेत मुलींना निबंधाला मी हुंड्याचा विषय द्यायचे, आणि आमच्या घरच्या लग्नात देणंघेणं नाही हे ताठ मानेने सांगायचे. माझ्या धाकट्या नणंदेचं, सुलभाआत्याचं लग्न ठरलं तेव्हाही मी बैठकीत सांगितलं: नवरदेवाला एक घड्याळ, एक अंगठी. बाकी काही नाही. लोक म्हणाले, शिकलेली सून, बघा कशी बोलते. मला ते ऐकायला आवडलं. खूप आवडलं.

त्याच उन्हाळ्यात तुमच्या आईला, वसूला, पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेश मिळाला होता. माझा भाऊ अरुण — धरणगावसारख्या कापसाच्या गावातून उठून जहाजावर इंजिनात काम करणारा — सुटीवर आला आणि त्याने मनगटावरचं घड्याळ काढून वसूच्या हातात घातलं. असंच, जाडजूड, फिरत्या कडेचं. पट्ट्याला दोन भोकं पाडली तरी सैलच राहायचं. मी म्हटलं, "अरे, पोरीला कशाला हे? हरवेल." तो म्हणाला, "अक्का, समुद्रात नाही हरवलं, पुण्यात काय हरवतंय!" वसू ते घालून झोपायची. भांडी घासतानाही काढायची नाही, कारण ते पाण्यात चालतं हे तिला सगळ्यांना दाखवायचं होतं.

मग लग्न आलं. घरासमोरच्या पटांगणात मांडव, अंगणात पाण्याने काठोकाठ भरलेला जमिनीतला हौद. वसू सकाळपासून पाहुण्यांसाठी पाणी शेंदत होती. कधीतरी हळद खेळणाऱ्या मुलींनी तिला ओढलं, तेव्हा तिने घड्याळ काढून हौदाच्या कडेवर ठेवलं. हळदीचा डाग पडू नये म्हणून. मी तिथून जात होते. मला दिसलं. मी उचललं आणि कपाटात ठेवून दिलं — तिला न सांगता. शोधू दे जरा, म्हटलं. धडा मिळेल. शिक्षिकेची खोड.

इथवर माझी काही चूक होती का? इतकी वर्षं मी स्वतःला हाच प्रश्न विचारत आले आहे आणि इथेच थांबत आले आहे. पुढे जायचंच नाही. कडेवर तिनेच ठेवलं होतं ना? मग!

पुढे जाते.

दुपारच्या पंगतीत नवरदेवाच्या बहिणीचे यजमान रुसले. आपल्याकडे लग्नात हा रुसवा असायचाच. वरपक्षाच्या घरचा जावई पानावर बसतो, हात जोडून गप्प राहतो, आणि वधूकडच्यांनी त्याचं मन ओळखायचं. कुणी म्हणालं, श्रीखंड वाढा. कुणी म्हणालं, पाया पडा. ते हूं की चूं करीनात. मग त्यांच्याच शेजारच्या म्हाताऱ्याने अहिराणीत टोमणा मारला: "नवरदेवले घड्याय, आनि घरना जावईले काय, पत्रावळ?" सगळी पंगत खिदळली. आणि थांबली. ते जेवत नाहीत तोवर बाकीचेही जेवेनात.

माझ्या सासूबाईंनी मला कोपऱ्यात ओढलं. चेहरा पांढरा पडला होता. "सुमन, काही कर बाई. पंगत उठी जाई. मन्ही पोरनं कसं होई?"

मला काय करता आलं असतं? पुढे होऊन सांगता आलं असतं: आम्ही बोलल्याप्रमाणे दिलं आहे, आता जेवा. हेच तर मी वर्गात मुलींना शिकवत होते. पण चारशे डोळे माझ्याकडे बघत होते. मी घरात गेले. कपाट उघडलं. नवरदेवाच्या घड्याळाची रिकामी पेटी तिथेच होती — अर्थातच, जागच्या जागी. त्या पेटीत मी वसूचं घड्याळ ठेवलं, वर पिवळा कागद गुंडाळला आणि जाऊन त्या माणसाच्या पानाशेजारी ठेवलं. त्यांनी उघडून न बघताच खिशात घातलं. पहिला घास घेतला. पंगत सुरू झाली.

तुमचे आजोबा नंतर कौतुकाने सगळ्यांना सांगत होते, आमच्या हिचं सगळं आधीच तयार असतं. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात मोठं कौतुक असावं. मी ते ऐकून घेतलं.

आणि मग वसू घड्याळ शोधू लागली.

आता सांगायचं होतं. अगदी तेव्हा. पण सांगायचं काय — तुझं घड्याळ मी एका रुसलेल्या परक्या माणसाला दिलं? हुंड्याविरुद्ध निबंध लिहून घेणारी तुझी आई एका टोमण्यापुढे वाकली? मी म्हटलं, "कुठे ठेवलं होतंस?" ती म्हणाली, "हौदाच्या कडेवर." मी म्हटलं, "मग पडलं असेल आत."

हे मी म्हटलं. तिने नाही. आजवर सगळ्यांनी उलटंच ऐकलं आहे.

तिचा चेहरा उजळला, तन्मय. रडवेली झालेली पोर एकदम हसली. "मग काही नाही आई! ते पाण्यात बिघडत नाही. आत चालूच असेल!" वऱ्हाड गेल्यावर, दुसऱ्या दिवशी ती हौद उपसायला लागली. बादलीमागून बादली. पुढचं पाणी कधी येईल ते माहीत नाही, घरात अजून पाहुणे, आणि ही सगळं पाणी मोरीत ओतते आहे. शेजारच्या बायका बघून गेल्या. तळ लागल्यावर ती ओढणी खोचून आत उतरली. त्या अंधारात तिने हातांनी, पायांनी सगळा गाळ चाचपला. एकदा "सापडलं!" ओरडली. फुटक्या पितळी तांब्याची कड होती.

वर आली तेव्हा कोपरापर्यंत शेवाळ. आणि मी तिला बोलले. पाण्याची नासाडी केलीस म्हणून. वस्तूची किंमत नाही म्हणून. असा निष्काळजीपणा पुण्यात चालणार नाही म्हणून. सगळ्या पाहुण्यांसमोर.

त्यानंतरचं तुम्ही ऐकलेलंच आहे, कारण ते आपल्या घरात विनोद म्हणून सांगतात. अरुणमामा म्हणायचा, "सात समुद्र फिरून आलेलं घड्याळ धुळ्याच्या हौदात बुडलं!" कुणी वसूला काही भेट दिली की दुसरं कुणी म्हणायचं, हौद झाका रे. ती हसायची. पण तिने पुन्हा मनगटावर घड्याळ बांधलं नाही, पाहिलंत का कधी? लग्नातले दागिने तिने माझ्याकडेच ठेवले, माझ्याकडून हरवतील म्हणाली, आणि मी ते ठेवून घेतले. तुम्ही चिडवता ना तिला, घराला कुलूप लावल्यावर ती त्याचा फोटो काढते म्हणून? ती अशी जन्मली नव्हती. भांडी घासताना घड्याळ मिरवणारी मुलगी होती ती.

जळगावला सुलभाआत्याच्या सासरी कार्यं व्हायची, तिथे ते पंगतीत रुसलेले गृहस्थ यायचे. घड्याळ मनगटावर. वसूला मी एकाही कार्याला नेलं नाही. अभ्यास आहे, परीक्षा आहे, दगदग नको. सुलभा रुसली, तुझी मुलगी आम्हाला विसरली म्हणाली. तेही मी वसूच्याच माथी जाऊ दिलं. ते गृहस्थ वारले तेव्हा मला काय वाटलं, सांगू? सुटकेसारखं वाटलं. एका माणसाच्या मरणाची बातमी ऐकून मी ओट्यापाशी उभी राहून शांतपणे चहा प्याले.

तर तन्मय, वसतिगृह, चोरी, मिरवणं — हे माझे मुद्दे बरोबर असतीलही. दुसऱ्या कुणी सांगितले तर त्यांचा विचार कर. माझ्या तोंडून ते आले तेव्हा त्यामागे दुसरंच कारण होतं, आणि तुझ्या आईच्या "नको"मागे माझं खोटं होतं. तू घड्याळ घे किंवा घेऊ नकोस, ते तू आणि तुझे आईबाबा ठरवा. माझं मत मी परत घेतलं आहे. पण "आईने हरवलं होतं, म्हणून तूही हरवशील" हे कारण कुणीही देऊ नये. तिने काहीही हरवलं नव्हतं.

परवा मी तिला फोन करून हे सगळं सांगितलं. मध्ये न थांबता, मुद्दे न पाडता. ती म्हणाली, "मुलांना तूच सांग. मी नाही सांगणार." मी हो म्हटलं. मी फोन ठेवणार होते.

"आई," ती म्हणाली, "मी आत उतरले होते तेव्हा वरून कुणीतरी बॅटरी दाखवत होतं. कोपऱ्यात बघ, तिकडे बघ, असं सांगत होतं. मला इतकी वर्षं वाटतं, बाबा होते. बाबाच होते ना?"

"नाही," मी म्हटलं. "मी होते."