सुळ्याचं माप

साठच्या दशकात मी पालघरला दातांचा दवाखाना चालवत होते. एकदा हवालदार कागदात गुंडाळून जबड्याचा तुकडा घेऊन आला. किनाऱ्यावरच्या एडवण गावातल्या कुणाच्या तरी जाळ्यात मासळीबरोबर वर आला होता. त्यात एक दाढ आणि एक सुळा, एवढेच दात शाबूत. "पुरुषाचा की बाईचा, तेवढं सांगा," तो म्हणाला, जणू मी भाजीचा भावच सांगणार होते.

पुरुषांचे सुळे बहुधा जरा रुंद असतात, हे मी शिकले होते, आणि हा सुळा रुंदच होता. पण पुस्तकातली मापं विलायती माणसांची. म्हणून एडवणच्याच माणसांचे सुळे मोजायचे ठरवले.

गावातल्या एका कोळणीचा नवरा वादळात सापडला होता. होडी मिळाली, तो मिळाला नाही. तिला विधवा म्हणायची कुणाची छाती नव्हती. हवालदाराने तुकडा दाखवला तेव्हा "माझा नाय तो," म्हणून ती तडक मासळी वाळत घालायला निघून गेली.

मी दाताची रुंदी मोजायचा कॅलिपर घेऊन गावात बसले, तर मोजून घ्यायला पहिली तीच हजर. तिचे सुळे चांगले रुंद. मग तिने बहिणीला आणलं, मावशीला आणलं, एका आडदांड नणंदेलाही आणलं. सगळ्यांचे दात दणदणीत. ती घरोघर फिरून मोठ्या दातांच्या बायका हुडकून आणते आहे, हे माझ्या जरा उशिराच लक्षात आलं.

मी चिडले. "असं करू नका. माप खोटं पडेल."

"या बायका नाय काय?" ती म्हणाली. "दात त्यांचेच हायत ना? मंग लिव."

मी आणखी बायका मोजल्या, पुरुष मोजले. तिने आणलेल्या बायका वगळल्या असत्या, तर तो सुळा पुरुषाचा म्हणून मी मोकळी झाले असते. पण त्याही याच गावच्या बायका होत्या. खात्रीने सांगता येत नाही, असं मी हवालदाराला कळवलं.

"म्हंजे बाईचा पन असल?" तिने विचारलं.

"असू शकतो."

तुकड्यावर कुणी हक्क सांगितला नाही. हवालदार तो पुरायला निघाला, तेव्हा ती आडवी आली. "कोनाची तरी लेक हाय ती. अशी नको पुरू."

तिने घरून कोरं लुगडं आणलं, हळदकुंकू आणलं, हिरव्या बांगड्या आणल्या. सवाष्णीला निरोप देतात तसं सगळं केलं. हवालदार बाजूला उभा राहिला. मी मध्ये पडावं की नको, मला कळत नव्हतं.

माती लोटताना मात्र तिचा धीर सुटला. परक्या बाईसाठी कुणी असं रडत नाही. ऊर बडवत ती जमिनीवर कोसळली, आणि तोंडाने "बाय माजी, बाय माजी" एवढंच म्हणत राहिली.