वखारीतला खोकला

भूपालअण्णांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते माझ्या योगवर्गाबाहेर उभे राहून भिंत हुंगत होते. पांढरं धोतर, इस्त्रीचा सदरा, डोक्यावर टोपी आणि नाक भिंतीला लावलेलं. मी दारात आले तशी त्यांनी मान वळवली.

"भिंतीला घाम आलाय पोरी," ते म्हणाले. "आत काय शिजवाय लागलीस?"

आत हॉट योगा चालायचा. मी पुण्यात शिकून आले होते आणि निपाणीत तसं काही नव्हतं. आजोबांची तंबाखूची वखार रिकामी पडली होती. जाड भिंती, खिडकी एकही नाही. हिटर लावले की ऊब आतच राहायची. खोली चाळीस अंशांच्या आसपास तापली की आसनं सुरू व्हायची. एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली नव्हती. भिंती तापल्या की त्यांच्यातून तंबाखूचा वास सुटायचा. नवा रंग दिला, तरी सुटायचाच.

अण्णा हायस्कुलात पी.टी.चे मास्तर होते. निवृत्तीनंतर जैन बस्तीच्या, म्हणजे मंदिराच्या, सभागृहात सगळ्या खिडक्या उघडून ते सकाळी फुकट योग शिकवत. अर्धं गाव त्यांच्या हाताखालून गेलेलं. त्यामुळे ते माझ्याविरुद्ध बोलू लागले तेव्हा लोकांनी कान दिला. "तप म्हंजे आतली धग," ते म्हणायचे, "भाड्यानं आणल्याली न्हवं." आणि दुसरं, "श्रमानं आलेला घाम अंगातच जिरवायचा असतोय. फरशीवर सांडायला ती काय धुण्याची मोरी हाय?"

शेवटी बस्तीच्याच सभागृहात चर्चा ठेवली. घामावाटे शरीरातलं विष निघून जातं, असं माझे विद्यार्थी सांगू लागले. गावातल्या एका डॉक्टरांनी ते तिथंच खोडून काढलं. ते काम यकृताचं आणि मूत्रपिंडाचं. उलट उष्णतेनं सांधे सैल वाटतात आणि माणूस नको तितका ताणून घेतो. रक्तदाबवाल्यांनी तर आत पाऊलच टाकू नये. त्यावर माझ्या वर्गाला येणाऱ्या एक शिक्षिका उठून म्हणाल्या, "मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा मांडी घालता आली, त्याचं काय करू?" निकाल काही लागला नाही. निघताना मी म्हटलं, "अण्णा, एकदा आत येऊन बघा. मग काय ते बोला."

ते आले. आसनं केली नाहीत, मागच्या कोपऱ्यात नुसते बसून राहिले. शवासनाला मात्र सगळ्यांबरोबर आडवे झाले. वर्ग सुटल्यावर मला म्हणाले, "कोपऱ्यात कोण बाई खोकत हुती गं?"

"कोपऱ्यात तुम्हीच होता अण्णा. दुसरं कुणी नव्हतं."

"बरं," ते म्हणाले आणि टोपी घालून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. मग रोजच. गावाला हसायला विषय मिळाला. चहाच्या गाड्यावर कुणी विचारलं, "काय अण्णा, पटलं म्हणायचं?" तर म्हणाले, "मी योगासाठी न्हाय जात." वाद घालणं त्यांनी सोडूनच दिलं. ते कोपऱ्यात कुशीवर पडायचे, एक कान फरशीला लावून. दिवसेंदिवस त्यांचा चेहरा उतरत चालला होता. रक्तदाबाची गोळी चालू असल्याचं मला कळलं तेव्हा मी त्यांना अडवलं. रोज कशासाठी येता, असं स्पष्टच विचारलं.

"माझी आई हाय तिथं," ते म्हणाले. त्यांचा आवाज अगदी साधा होता. "हितंच तंबाखू चाळायची ती. मला पोत्यावर निजवायची. त्यो खोकला मी कसा इसरीन?"

तापलेल्या खोलीच्या दारात उभी असूनही माझ्या अंगावर काटा आला. आजोबांच्या वखारीत बायका तंबाखू चाळायच्या, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. तोंडाला पदर गच्च बांधलेला, दार लावून घेतलेलं, कारण वाऱ्यानं माल उडायचा. त्यातल्या एकीचंही नाव आमच्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं. अण्णांना मी पुन्हा अडवलं नाही.

पुढच्याच आठवड्यातली गोष्ट. संध्याकाळचा वर्ग, शवासन चाललेलं. खोल, कोरडा खोकला ऐकू आला. मग ओढून घेतलेला श्वास. मी सवयीनं म्हटलं, "ज्यांना खोकला येतोय त्यांनी बाहेर जाऊन पाणी प्या." कुणी उठलं नाही. खोकला पुन्हा आला. एकेकानं डोळे उघडले आणि सगळे मागच्या कोपऱ्याकडे बघू लागले. तिथं अण्णा पडले होते. त्यांचे ओठ मिटलेले होते आणि डोळ्यांतलं पाणी कानाकडे ओघळत होतं. खोकला चालूच होता.

त्या दिवशी सगळे गेल्यावर अण्णा पायरीवर बसून राहिले.

"पोरी, हिटर बंद कर."

"मग माझा वर्ग कसा चालेल अण्णा?"

"तापलं की तिला खोकला येतोय. मी रोज ऐकाय येतोय आणि ती रोज खोकतीया. लई झालं. आता तरी तिला वारा लागू दे."

मी गवंडी बोलावला आणि त्या कोपऱ्यात खिडकी पाडून घेतली. हिटर उतरवले. पहिल्या सकाळी अण्णा नेहमीच्या जागी आडवे झाले आणि बराच वेळ ऐकत राहिले. मग उठून हळूच म्हणाले, "निजली." त्यानंतर ते माझ्याबरोबर तिथं शिकवू लागले. निम्मे विद्यार्थी गळाले, पण उरलेल्यांना त्यांनी श्वास सोडायला शिकवलं. "घ्यायला सगळ्यास्नी येतंय," ते म्हणायचे. "सोडाय शिका."

त्याच वर्षी थंडीत अण्णा झोपेत गेले. काही दिवसांनी त्यांची मुलगी पद्मजा बेळगावहून आली. वडील रोज जायचे ती जागा तिला बघायची होती. मी तिला कोपरा दाखवला. ती तिथंच भिंतीला टेकून बसली. मी काही न लपवता सगळं सांगितलं.

"अण्णा तिला आई म्हणाले?" तिनं शेवटी विचारलं.

"हो."

"अण्णांना जन्म देतानाच आजी गेली, कोगनोळीला. ही वखार तिनं बघितलीबी न्हाय. आमच्या घरातली एकबी बाई कधी वखारीत कामाला गेली न्हाय."

मग इथं खोकत होती ती कोण? खिडकीतून वारा येत होता. तिनं शेजारच्या रिकाम्या फरशीकडे बराच वेळ बघितलं. मग पदर आवरून घेतला आणि आणखी एक माणूस बसेल एवढी बाजूला सरकली.