कापडवाल्याचा घाट

मी बढाईखोर आहे, हे आधीच सांगून टाकतो. वारूळवाडीत कापडाचं दुकान, वय चोपन्न, पोट दुकानदाराला शोभेल असं, आणि तरीही जुन्नर-आंबेगावातले घाट मी सायकलनं आणि पायी पालथे घातलेत. माळशेज सायकलवर चढलोय, पाय न टेकता. नाणेघाट किती वेळा उतरलो ते आता आठवतही नाही. दाऱ्या घाटात एकदा वाट चुकून कारवीत तीन तास भटकलो, तेसुद्धा मी छाती पुढं काढूनच सांगतो. गिऱ्हाईक साडीचा पदर बघत असतं आणि मी त्याला घाट सांगत असतो.

"शेट, साडी दावा, डोंगर नका दावू," असं बायका तोंडावर म्हणतात. म्हणू देत.

पण एक घाट मी सहा वर्षं टाळला. आहुप्याचा. त्याचं कारण आमच्या दुकानातच बसलेलं असायचं, म्हणजे माझे वडील.

आजोबा राजस्थानातून इकडं आले तेव्हा दुकान नव्हतं. खांद्यावर कापडाचं गाठोडं घेऊन ते गावोगाव फिरायचे. घाटमाथ्यावरच्या आहुपे गावात मुक्काम करायचे, पहाटे घाट उतरून कोकणातल्या वाड्यांवर कापड विकायचे आणि त्याच दिवशी परत वर यायचे. आम्ही जैन. सूर्य बुडाला की अन्न नाही, पाण्याचा थेंबही नाही, आणि दिवसा पाणी प्यायचं तेही फडक्यातून गाळून. वडील सांगायचे की आजोबांना यायला उशीर झाला, की आहुप्यातला एक माणूस पाण्याचा तांब्या घेऊन घाट उतरून यायचा. सूर्य बुडायच्या आत पाहुण्याच्या पोटात पाणी जावं म्हणून. ही गोष्ट वडिलांनी दुकानात हजार वेळा सांगितली असेल. दर वेळी तो तांब्यावाला थोडा आणखी खाली उतरायचा.

वडील म्हणजे मोजून मापून जगणारा माणूस. ब्याऐंशीव्या वर्षीही गादीवर बसतात, आणि लोखंडी मीटर मांडीशी असतो. कापड फाडायच्या आधी दोनदा मोजणार. माझ्या बहिणीच्या लग्नातलं कापडसुद्धा त्यांनी मोजूनच फाडलं, बोटभर जास्त गेलं नाही. अशा माणसाची ही एकच गोष्ट तेवढी मापात बसत नव्हती.

सहा वर्षांपूर्वी एकदा ऐन लग्नसराईत दुकान माणसांनी भरलेलं, माझं डोकं तापलेलं, आणि वडिलांनी गोष्ट सुरू केली. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "बाबूजी, पुरे आता. कोण कुणासाठी घाट उतरतंय?" लोक हसले. वडील हसले नाहीत. त्यांनी मीटर उचलला आणि समोरचं कापड मोजत राहिले.

त्या दिवसापासून त्यांनी ती गोष्ट सांगितली नाही. आजोबांचा विषय निघाला की उठून आत जायचे. मला वाटलं, विसरतील. कसले विसरतात! एवढा म्हातारा माणूस स्वतःच्या बापाबद्दल बोलायचा थांबला होता, आणि तोंड बंद करणारा मी. हे मला आतून खात होतं. मी साऱ्या जगाला घाट सांगत सुटलो होतो आणि घरातल्याच घाटाची टिंगल केली होती.

म्हणून गेल्या डिसेंबरात ठरवलं. आहुप्याचा घाट एका दिवसात उतरायचा आणि चढायचा. आजोबा खरंच एवढं चालायचे, एवढं तरी वडिलांना सांगता येईल. तांब्याचं काही खरं नाही, पण निदान तेवढं.

बरोबर माझा टोमॅटोवाला दोस्त होता. आमच्या दुकानामागं त्याचं शेत. पंचावन्न वर्षांचा, काटक, आणि मला चिडवल्याशिवाय त्याला घास उतरत नाही. "शेट, तुमचं प्वाट घाटात आडाकलं तर मला जेसीबी आणावा लागंल," असं तो निघाल्यापासून चारदा बोलला. डिंभ्यापर्यंत सायकली त्याच्या पिकअपमध्ये टाकल्या. पुढं सायकलनं धरणाच्या कडेकडेचा वळणावळणाचा रस्ता, आणि आहुप्याला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती.

गावात एका म्हाताऱ्यानं पडवीत जागा दिली. पंचाहत्तरीचा असेल, बोलणं अगदी कमी. घरात नाचणीच्या भाकरी चालू होत्या. मी म्हटलं, "बाबा, सूर्य आहे तोवर जेवून घेतो, रागावू नका." त्यानं माझ्याकडं नीट पाहिलं. "हं," म्हणाला. मग बऱ्याच वेळानं, "उद्या खालनं कवा वर येनार?"

"चारपर्यंत."

"हं," तो परत म्हणाला. आजोबांचा विषय मी काढला नाही. मला लाज वाटत होती.

सकाळी सायकली पडवीतच ठेवून पायी उतरलो. वरच्या अंगाला कातळात खोदलेल्या पायऱ्या, मग कारवी, मग नुसती घसरण. मी मजेत होतो. खालच्या वाडीत दोन बाटल्या रुमालातून गाळून भरल्या आणि साडेबाराला चढायला लागलो. निम्म्या वाटेत आमच्या काटक दोस्ताच्या पोटऱ्यांना गोळे आले. वेदनेनं तो खालीच बसला. मी पाय चोळले, मीठसाखर घालून एक बाटली पाजली, मग दुसरी पाजली. दहा पावलं चालायचा आणि थांबायचा. जेसीबी कोणाला लागणार होता ते आता दोघांनाही कळलं होतं, पण मी काही बोललो नाही. खरं सांगतो, बोलायला तोंडात ओल नव्हती.

पाच वाजून गेले. आहुप्याचा कडा पश्चिमेला तोंड करून उभा आहे, त्यामुळं सूर्य शेवटपर्यंत पाठीवर असतो. मागं वळून बघितलं की कोकण सगळं तांबूस झालेलं दिसायचं. मी सारखा वळून बघत होतो.

"आरं, वर गेल्यावर पी की पानी," दोस्त कळवळून म्हणाला. "एक दिवस उशीर झाला तर द्येव काय घड्याळ घिऊन बसलाय का?"

"देवाचं घड्याळ नाही रे, आजोबांचं आहे," मी म्हणालो. "ते इथंच असे सुकले असतील आणि तरी प्यायले नसतील. मग मी पिऊ?"

तो वाकून पोटरी चोळायला लागला. मग हळूच म्हणाला, "माज्यामुळं झालं, शेट."

"गप चाल," मी खेकसलो.

कातळातल्या पायऱ्या अजून वर होत्या. सूर्य क्षितिजाच्या वर हातभर राहिला असेल. पोचणार नव्हतो, हिशोब स्पष्ट होता. आज रात्र कोरडी काढायची, हे मी मनाशी पक्कं करत होतो. तेवढ्यात वरून काठीचा आवाज आला. पायऱ्यांवरून तो म्हातारा उतरत होता, अनवाणी, एका हातात काठी, दुसऱ्या हातात तांब्या. पायऱ्या संपवून तो खाली आमच्यापर्यंत आला. तांब्याच्या तोंडावर पांढरं फडकं बांधलेलं होतं.

"उन्हं हायेत अजून," तो म्हणाला. "प्या."

मी तसाच बघत राहिलो. "प्या वो पावणं, बुडंल आता!" तो ओरडला तेव्हा कुठं मी तांब्या घेतला. प्यायलो आणि तिथंच दगडावर बसून रडलो. चोपन्न वर्षांचा, माळशेज चढलेला माणूस पोरासारखा रडलो, आणि याची मला अजिबात लाज वाटत नाही.

म्हातारा मात्र साधेपणानं सांगत होता. "काल तुमी उन्हं बघून जेवला, तवाच वळखलं. माजा बाप यायचा हितवर. एक कापडवाला शेट व्हता, त्याला उशीर झाला की बाप तांब्या घ्यायचा. मी ल्हान व्हतो, त्याच्या मागं यायचो. त्यो शेट दर दिवाळीला पानी गाळायला नवं फडकं द्यायचा. मंग त्यो यायचा थांबला, फडकी इरली. हे माज्या जुन्या धोतराचं हाय."

तो शेट म्हणजे माझे आजोबा, असं मी सांगितलं. म्हाताऱ्यानं माझं पोट, माझे बूट, माझा दोस्त, सगळं एकदा बघून घेतलं.

"म्हंजे उशीर करायची खोड घरातलीच हाय म्हना," तो म्हणाला, आणि वर चालायला लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात आलो. वडील गादीवर होते, पाचसहा गिऱ्हाइकं होती. मुद्दाम गिऱ्हाइकं असतानाच मी सगळं सांगितलं, मोठ्यानं, कारण अपमानही असाच चारचौघांत केला होता. "बाबूजी, मी चुकलो. तुमची गोष्ट खरी होती," असंही म्हणालो.

वडिलांनी विचारलं, "कुठं भेटला तो?"

"कातळातल्या पायऱ्यांपाशी."

"वर की खाली?"

"खाली. पायऱ्या उतरून आला."

वडिलांनी दुकानातल्या सगळ्यांकडं एकदा पाहिलं. "मी खालीच सांगत होतो," ते म्हणाले. आणि मग विचारलं, "फडकं कसलं होतं?"

"जुन्या धोतराचं. आजोबांनी दिलेली कधीच संपली."

ते गुडघ्यावर हात ठेवून उठले. वरच्या फळीवरचं चांगल्या मलमलीचं थान त्यांनी स्वतः खाली काढलं. मी सवयीनं मीटर पुढं केला, पण त्यांनी तो घेतला नाही. दोन्ही हात पसरले, कापड ताणलं आणि टर्रकन फाडलं.

"बाबूजी, मोजलं नाहीत," मी म्हणालो.

"असू दे," ते म्हणाले, आणि पुन्हा हात पसरले.