जुबैलहून काल्लाच्या खिंडीपर्यंत

सिन्नरच्या स्टँडवर मुंबईची गाडी लागली तेव्हा आई माझ्या चपलांकडे बघत होती. "बूट घातले असतेस तर बरं झालं असतं," ती म्हणाली, "विमानाच्या जिन्यावर पाय घसरला म्हणजे?" सगळं गाव सोडून मी समुद्रापलीकडे निघाले होते आणि आईला काळजी जिन्याची. तिची काळजी माझ्या जन्मापासून एकाच शब्दात मावत असे: पडशील. झाडावर चढू नको, पडशील. विहिरीत वाकू नको, पडशील. दोन्ही भावांना सायकली आल्या. मी हँडलला हात लावला तरी स्वयंपाकघरातून आवाज यायचा. दादा मात्र, म्हणजे माझे वडील, गाडी हलता हलता खिडकीशी येऊन एवढंच म्हणाले, "तिकडं गेलीस की सारखी इकडं बघत बसू नकोस."

नवीन लग्न झालेलं. नवरा, श्रीकांत, सौदीच्या पूर्व किनाऱ्यावर जुबैलला, समुद्राचं पाणी ओढून गोडं करणाऱ्या प्लँटमध्ये इंजिनिअर. आम्हाला भिंतीच्या आतल्या कंपाउंडमध्ये घर मिळालं. एकसारखी बैठी घरं, मधून डांबरी रस्ते, आणि दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नाही. सिन्नरला दारात उभं राहिलं की दहा माणसं विचारपूस करून जायची. इथं श्रीकांत ड्यूटीवर गेला की मी एसीचा आवाज ऐकत बसायची. बाहेर जायचं तर अंगभर काळा अबाया आणि सोबत नवरा. दादांनी सांगितलं होतं तरी मी बसल्या बसल्या सिन्नरकडेच बघत होते.

मग इराकची फौज कुवेतमध्ये शिरली. कुवेत आमच्यापासून मोटारीनं काही तासांच्या वाटेवर. त्या आठवड्यापासून कंपाउंड रिकामं व्हायला लागलं. मल्याळी शेजारीण गेली, समोरच्या कराचीच्या बाई गेल्या. सिन्नरहून फोन आला, त्यात दादांचा आवाज एरवीपेक्षा मोठा होता. "निघून ये. जावईबापूंना नोकरी आहे, तुला काय आहे तिथं?"

खरंच, मला काय होतं तिथं? पण श्रीकांतला सुट्टी मिळणार नव्हती. त्याला एकटं टाकून जायला माझं मन होईना. "नाही येत," मी म्हटलं, आणि फोन ठेवला.

मागच्या गल्लीत फ्रांका राहायची. तिचा नवरा प्लँटवर पंप बसवणाऱ्या इटालियन टोळीत होता. इटलीत कासेंतीनो नावाचा डोंगराळ, घनदाट जंगलाचा मुलूख आहे, तिथल्या स्तिया गावची ती. मुलगी असताना सायकलच्या शर्यतींत उतरलेली. येताना तिनं दोन सायकली आणल्या होत्या आणि रोज संध्याकाळी कंपाउंडला फेऱ्या मारायची. तिच्या स्वयंपाकघरात तिच्या मुलुखाचा नकाशा लावलेला होता. कॉफी उकळेपर्यंत ती त्यावर बोट फिरवत तुटक इंग्रजीत रस्ते सांगायची. हा कोन्सुमाचा, फ्लॉरेन्सकडून येणारा, लांब आणि उघडा. हा मांद्रिओलीचा, वळणावळणांचा, एका बाजूला नुसते खडकांचे थर. आणि हा आमचा, स्तियातून काल्लाच्या खिंडीत चढणारा. आधी चेस्टनटची झाडी, मग बीच नावाच्या झाडांचं जंगल, इतकं दाट की भर उन्हाळ्यात अंगावर काटा येतो.

"आणि घसरलं तर?" मी विचारलं.

"घसरतात की," ती म्हणाली. "तू कधी घसरली आहेस?"

"मला सायकलच येत नाही."

तिनं कॉफीखालचा गॅस बंद केला आणि मला बाहेर काढलं.

तिशीला आलेली बाई, सलवारच्या मोहऱ्यांना घोट्यापाशी रबरबँड, ओढणी कमरेला गच्च. फ्रांका सीट धरून मागे पळायची आणि ओरडायची, "चाकाकडे बघू नकोस, रस्ता बघ!" मी पडले. क्रोटनच्या कुंडीत पडले, गेटच्या वॉचमनसमोर पडले, एकदा तर उभ्या उभ्याच पडले. श्रीकांतनं आयोडीन लावताना विचारलं, "हे असं किती दिवस?" "येईपर्यंत," मी म्हटलं. ते ऐकून तो हसला नाही. दुसऱ्या दिवशी मोठी आयोडीनची बाटली घेऊन आला.

थंडी पडायच्या सुमारास मी मागे वळून बघितलं तर फ्रांका लांब कोपऱ्यावर कमरेवर हात ठेवून उभी होती, आणि मी एकटीच चालले होते. सिन्नरच्या आमच्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्यानं मी ओरडले.

इराकला दिलेली मुदत संपत आली तशी इटालियन बायकांना परत पाठवलं. जाताना फ्रांकानं दुसरी सायकल माझ्या दाराशी आणून ठेवली. "कंटाळा आला की चालव," ती म्हणाली. "सगळं मिटलं की स्तियाला ये. आपण वर जाऊ."

जानेवारीत बॉम्बफेक सुरू झाली. खिडक्यांना चिकटपट्ट्या, दाराच्या फटीत ओले टॉवेल, उशाशी गॅसचा मास्क. भोंगा झाला की श्रीकांत आणि मी बाथरूममध्ये बसायचो. मास्कमधून एकमेकांचं बोलणं कळायचं नाही, म्हणून नुसता हात धरायचो. मग कुवेतच्या बाजूनं समुद्रात तेल सोडलं गेलं आणि तो काळा तवंग खाली सरकायला लागला, थेट श्रीकांतच्या प्लँटच्या तोंडाशी. लाखो माणसं त्या प्लँटचं पाणी पीत होती. प्लँटवाल्यांनी समुद्रात तरंगते बांध घातले आणि श्रीकांतसकट सगळे पुरुष तिकडेच मुक्कामाला गेले.

एका सकाळी दारावर थाप पडली. आमच्या कंपाउंडचे सुपरवायझर मुश्ताकभाई, श्रीवर्धनचे, धापा टाकत उभे होते. "वहिनी, प्लँटवरून निरोप आहे. पाणी कधी पण बंद करतील. सगल्यांना सांगा, आहे तेवढं भरून ठेवा. माझी जीप प्लँटवर नेली, फोन लागत नाय, आणि हा गुडघा असा. एवढी घरं मी फिरू कधी?"

मास्कची पिशवी खांद्यावर अडकवून मी सायकल काढली. "तुम्ही गेटजवळची लाइन करा, मुश्ताकभाई. बाकी माझ्याकडे."

वारा समोरून येत होता आणि त्याला कच्च्या तेलाचा वास होता. मी एकेका दाराची बेल वाजवत गेले. कुणाशी हिंदीत, कुणाशी इंग्रजीत, एका लेबनीज आजींशी नुसतं "मोया, मोया" म्हणत आणि हातांनी टब दाखवत. मोया म्हणजे पाणी एवढं अरबी मला येत होतं. कुणी रडत होतं, त्यांच्याजवळ थांबले. एका फिलिपिनो नर्सचं तान्हं बाळ आजारी होतं, तिच्या बादल्या मी भरून दिल्या. मागच्या गल्लीच्या वळणावर रस्त्यात वाळू साचली होती. चाक सरकलं आणि मी तोंडावर आपटले. गुडघा फुटला. क्षणभर वाटलं, बसावं इथंच आणि मोठ्यानं रडावं. पण पुढची लाइन राहिली होती. उठले, चेन बसवली, निघाले. दुपारपर्यंत कंपाउंडमधलं एकही घर निरोपावाचून राहिलं नाही. परतताना दारादारांतून बायका माझं नाव घेऊन हाका मारत होत्या. इतके महिने मी त्यांना "शेजारच्या बाई" म्हणून ओळखत होते आणि त्या मला. त्या दिवशी मी सुनंदा झाले.

पाणी बंद झालंच नाही. बांध टिकले. श्रीकांत दाढी वाढलेला, जागरणानं डोळे लाल झालेला असा घरी आला तेव्हा टब, बादल्या, पातेली, अगदी फुलदाणीसुद्धा भरलेली. तो मधोमध उभा राहून हसत सुटला. "अगं, तुझा आमच्यावर एवढासुद्धा विश्वास नव्हता?"

लढाई थांबल्यावर कितीतरी दिवस आकाश तेलाच्या धुरानं काळं होतं. तशाच एका दिवशी सिन्नरला फोन लागला.

"आई, मी सायकल शिकले."

खरखरीतून आईनं विचारलं, "पडलीस?"

"पडले."

"लागलं?"

"लागलं की."

"मग?"

"मग उठले."

"बरं केलंस," आई म्हणाली. "मला नव्हतं जमलं."

काही वर्षांनी आम्ही खरंच स्तियाला गेलो. फ्रांकाचे केस पिकले होते, पाय तेच. पहाटेची थंडी सरल्यावर आम्ही दोघी निघालो. गावाबाहेर ओढ्याकाठानं रस्ता जातो, मग चेस्टनटच्या झाडीत शिरतो, आणि तिथून जे चढायला लागतो ते थांबत नाही. सपाटीवर शिकलेली माझी मांडी पहिल्या तासातच भरून आली. बीचचं जंगल सुरू झालं तेव्हा मी खाली उतरले. सरळ, राखाडी बुंधे, वर हिरवं छत, खाली मागच्या वर्षीच्या पानांचा तांबडा सडा. फ्रांका म्हणाली, "पुढचं वळण दिसतंय ना? तेवढंच चढायचं. त्याच्या पुढचं आत्ता तुझं नाही." मी परत बसले. ते वळण झालं, मग त्याच्या पुढचं. वरून उतरणारे सायकलवाले हात उंचावून ओरडत जात. घाम डोळ्यांत जाऊन दिसेनासं झालं आणि अचानक पॅडल हलकं लागलं. रस्ता संपला नव्हता, चढ संपला होता. दोन्ही अंगाला डोंगरच डोंगर, जंगलानं गच्च भरलेले. मी सायकल गवतात आडवी टाकली आणि फ्रांकाला मिठी मारली. आम्ही दोघीही काहीबाही ओरडत होतो, ती इटालियनमध्ये, मी मराठीत.

खिंडीत कॉफी देणाऱ्या म्हाताऱ्यानं विचारलं, "बाई कुठल्या?"

फ्रांका "इंडिया" म्हणणार तेवढ्यात मी म्हटलं, "जुबैल."

फ्रांकानं त्याला समजावलं: वाळवंट, समुद्र, सगळं सपाट. म्हातारा चकित झाला. "मग चढायला शिकली कुठं?"

"आमच्याकडे शमाल असतो," मी म्हटलं. "उत्तरेचा वारा. तो समोरून आला की सपाट रस्तासुद्धा घाट होतो." फ्रांकानं ते भाषांतर करून सांगितलं. त्यानं कॉफीचे पैसे घेतले नाहीत.

श्रीकांत निवृत्त झाला आणि इकामा, म्हणजे तिथं राहायचा परवाना, संपला. परदेशी माणसाला तिथं जन्मभर राहता येत नाही. आम्ही नाशिकला आलो. तुम्ही जे इथेच राहिलात, त्यांना वाटलं आम्ही घरी परतलो. तुम्ही जे आमच्यासारखे बाहेर गेलात, त्यांना ठाऊक आहे की परत येणं हेही एक स्थलांतरच असतं. पहिले कित्येक महिने मी पाहुणीसारखी वावरले. नळाला पाणी कधी येतं, दूधवाल्याला हाक कुठून मारायची, काही ठाऊक नाही. शेवटी एक सायकल घेतली आणि एका सकाळी शहराबाहेर पडले. एका लहानशा टेकाडावर रस्ता चढला तशी मांडी भरून आली, श्वास वाढला, वर पोचल्यावर खाली द्राक्षबागांच्या रांगा दिसल्या. कुठला चढ किती दम काढतो, कुठल्या वळणावर वारा गाठतो, हे त्या दिवशी पायांना कळलं.

घरी आले. श्रीकांत पेपर वाचत होता. हेल्मेट काढता काढता मी म्हटलं, "अरे, आलो बरं का आपण."

त्यानं चष्म्यावरून बघितलं. "आता?"

"हो," मी म्हटलं. "आज."