खानझोडे सरांचा दुपारचा फोन

भांडण ऐन रंगात आलेलं असताना समोरच्याला हातानं थांबवून बायकोला फोन लावणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. खानझोडे सर. "सांग बरं, किती तापून राहिलो मी?" एवढंच विचारायचे. काकू आवाजावरून निकाल द्यायच्या, "जास्त आहे. पाणी प्या." की सर खुर्चीत बसलेच.

सर नागपूरचे. जयपूरच्या झोटवाड्यातल्या आमच्या छोट्या कारखान्यात सौरपंपांचे कंट्रोलर बनायचे, तिथले ते मुख्य इंजिनियर. मी जयपुरातच वाढलेली, बँकवाल्यांची मुलगी, नोकरीला नवी. माझा पहिला बोर्ड एसीतल्या टेबलावर पॅनेलचं व्होल्टेज अगदी चोख मोजायचा. मालकांनी सोमवारी माल जैसलमेरकडे धाडायचं ठरवलं. तिथे तो फसला असता तर घरी मीच बसणार होते.

सरांनी मात्र बोर्ड डब्यात बंद करून मे महिन्याच्या उन्हात पत्र्यावर ठेवला, काकूंच्या कुरडयांशेजारी. सर राहायचे त्या बनी पार्कातली माकडं काही उरू देत नाहीत, म्हणून काकूंचं वाळवण कारखान्याच्या पत्र्यावर यायचं. दुपारी आम्ही पाहतो तर ऊन रणरणतंय आणि माझा बोर्ड व्होल्टेज कमी पडलं म्हणून पंप बंद करून बसलाय.

"या चिपची मोजायची पट्टी तिच्या पोटातच आहे, पोरी," सर म्हणाले. "पंच्याऐंशी डिग्रीपर्यंतच तिची हमी. त्यापुढे पट्टीच लांबते, मग कापड कमीच भरणार. अन् चिपला ते समजत नाही, तीही तापलेली असते ना."

उपाय म्हणजे उष्णता सोसणारी पट्टी बाहेरून जोडायची, आणि तोवर माल थांबवायचा. मालक हसले. "सरजी, गर्मी तो सबको लगती है. भेज दो."

सर भडकले. कुरडया सोडून सगळ्यांचा उद्धार झाला, राजीनामाही जाहीर झाला, आणि सवयीनं फोन लागला. काकू म्हणाल्या, "राजीनामा संध्याकाळी द्या. आधी कुरडया उतरवा."

संध्याकाळी सर अगदी निवले होते. मी फोनचं कारण विचारलं तर म्हणाले, "माझीही पट्टी पोटातच आहे. म्हणून एक बाहेर ठेवली."

दुसऱ्या दिवशी भरदुपारी त्यांनी मालकांनाच मोठ्या आदरानं पत्र्यावर नेलं. मालक लगेच खाली आले आणि माल थांबवला. बोर्ड पाहून की टक्कल भाजून, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. माझी नोकरी वाचली.

मागच्या थंडीत काकू गेल्या. सर नागपूरला परतले. मला दोघांची फार आठवण येते.

परवा दुपारी त्यांचा फोन आला. मागे सोसायटीच्या पाण्यावरून कुणीतरी तावातावानं बोलत होतं.

"सांग बरं पोरी, किती तापून राहिलो मी?"

आवाज फारसा तापलेला नव्हता.

"जास्त आहे, सर," मी म्हटलं. "पाणी प्या."

पलीकडे खुर्ची करकरली. सर बसले होते.